जलेबीची बेरीज

निवृत्त होण्याआधी मी एका सरकारी खात्याच्या प्रशिक्षण केंद्रात शिकवायचो. काय शिकवायचो, तर शिकवावं कसं, हे. दुपारच्या जेवणानंतरचा तास नेहमी माझ्याच वाट्याला यायचा, आणि त्या तासाला शेवटपर्यंत जागा राहिलेला माणूस मला आठवत नाही. तरीही मी स्वतःला उत्तम शिक्षक समजत आलो. लोक झोपतात ते पोट भरल्यामुळे, त्यात शिकवणाऱ्याचा काय दोष, असं माझं मत होतं.

आमचं आडनाव सुभेदार. मराठ्यांच्या चाकरीत कोणी पूर्वज इकडे आला आणि जबलपूरचाच होऊन गेला. त्याच्या हाताखाली म्हणे घोडेस्वार होते. माझ्या हाताखाली निवृत्तीनंतर एक पोपट आला.

पोपट आमच्या मुलीचा, अवंतिकाचा. तिला जर्मनीत नोकरी लागली आणि पक्षी सोबत नेण्याचे नियम वाचून तिनं हात टेकले. जायच्या आधी ती मदन महलच्या आमच्या घरी पिंजरा घेऊन आली. देशी पोपट घरात ठेवायला कायद्यानं बंदी आहे. हा परदेशी जातीचा होता, तिनं त्याची रीतसर नोंदही केली होती. अंगानं मैनेएवढा, रंगानं कढईतून नुकत्याच काढलेल्या जलेबीसारखा, म्हणून त्याचं नाव जलेबी. आणि आवाज असा की मदन महल स्टेशनवरची गाडी आमच्या हॉलमधून जातेय असं वाटावं.

"बाबा, तुम्हाला आता दिवसभर काही कामच नाही," अवंतिका म्हणाली. "तुम्ही इसको संभाल लोगे ना? हा आता तुमचाच."

तिनं ते प्रेमानं म्हटलं होतं. मला त्यातलं 'काही कामच नाही' एवढंच ऐकू आलं. ती गेली त्याच आठवड्यात मी ठरवलं, की या पोपटाला असं काही शिकवायचं की जर्मनीपर्यंत नाव झालं पाहिजे.

माझी बायको नंदा मुलींच्या शाळेत गणित शिकवते. ती मूळची अमरावतीची. तिची निवृत्ती अजून लांब आहे. संध्याकाळी ती दमून घरी यायची आणि मी तिला जलेबीच्या प्रगतीवर व्याख्यान द्यायचो. मी मोबाइलवर व्हिडिओ पाहून पद्धत समजून घेतली होती. पक्ष्यानं हवं ते केलं की त्याच क्षणी एक ठरावीक आवाज करायचा आणि लगेच सूर्यफुलाची बी द्यायची. आवाजासाठी मी बॉलपेनचं बटण वापरायचो. टक, आणि बी. जलेबी पेन्सिलीला चोच लावायला शिकला, गोल फिरायला शिकला, देवघरातली छोटी घंटी वाजवायला शिकला. त्यानंतर तो टक असा आवाजही काढायला शिकला. आता तो पिंजऱ्यात बसल्या बसल्या टक म्हणायचा आणि माझा हात आपोआप बियांच्या डबीकडे जायचा. हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

"कोण कोणाला शिकवून राहिलं जी?" नंदा वह्या तपासता तपासता म्हणाली.

मी तिला सांगितलं की शिक्षणाच्या प्रक्रियेत असे टप्पे येतात.

मग मी गणिताकडे वळलो. गणितच का, तर घरात गणितावर नंदाचा हक्क होता आणि तिनं कधी तरी माझ्याकडे कौतुकानं पाहावं असं मला वाटत होतं. दुसरं कारण शोधूनही सापडत नाही. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर मी काळ्या मार्करनं एक ते नऊ आकडे लिहिले आणि ती कार्डं जेवणाच्या टेबलावर रांगेत मांडली. मी म्हणायचो, "दोन अधिक तीन." जलेबी कार्डांच्या कडेकडेनं डुलत चालायचा. सुरुवातीला तो कुठेही चोच मारायचा. पाचवर मारली की मी टक करायचो. काही आठवड्यांत तो थेट पाचवर जाऊन थांबायला लागला. दोन अधिक दोन, एक अधिक तीन, सगळं बरोबर.

एके दिवशी मी त्याला कधीच न शिकवलेली बेरीज विचारली. "चार अधिक पाच." जलेबी चालत चालत रांगेच्या टोकाला गेला, मान वाकडी करून क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि नऊवर चोच मारली.

एका पोपटाला बेरीज कळली होती, आणि ती कळवणारा मी होतो. शंका घ्यावी असं मला एकदाही वाटलं नाही.

नंदाला वाटलं. तिनं संध्याकाळी सगळा प्रयोग पाहिला, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "माझ्या सातवीच्या पोरी कागद-पेन्सिल घेऊन चुकतात. तुम्ही जरा बाहेर जाऊन बसा. मी विचारून पाहते."

"तसं चालत नाही," मी म्हटलं. "शिक्षक बदलला की विद्यार्थी बिचकतो."

"बरं, बिचकू द्या. तुम्ही जा."

मी नाइलाजानं गॅलरीत जाऊन उभा राहिलो. आतून नंदाचा आवाज आला, "तीन अधिक एक." मग बराच वेळ काहीच नाही. मग कागद फाटल्याचा आवाज. मी आत आलो तर जलेबी सातच्या कार्डावर बसून त्याचा कोपरा कुरतडत होता.

"तुझा स्वर वर्गातला आहे," मी नंदाला समजावलं. "तो घाबरला."

"घाबरलेला पोपट असा आरामात खात नाही," ती म्हणाली, आणि कुकर लावायला आत गेली.

आमचं एक मराठी मंडळ आहे. दीक्षितपुऱ्यात त्याचा हॉल आहे आणि संक्रांतीच्या सुमारास तिथं दुपारचा तिळगुळाचा कार्यक्रम होतो. गाणी होतात, पोरं नाच करतात. त्या वर्षी मी मंडळाचे अध्यक्ष बापूसाहेब घाटे यांना जाऊन भेटलो आणि म्हटलं, माझा पोपट गणितं सोडवून दाखवेल.

बापूसाहेब एका शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. ऐंशीच्या घरातले, ताठ कण्याचे. त्यांचा चेहरा असा आहे की बारशाला आणि तेराव्याला तो सारखाच दिसतो. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं.

"गणितं," ते म्हणाले.

"हो."

"पोपट."

"हो."

"ठीक आहे," ते म्हणाले, आणि कार्यक्रमपत्रिकेत माझा नंबर शेवटचा लावला. शेवटचा म्हणजे मुख्य आकर्षण, असं मी घरी येऊन नंदाला सांगितलं.

कार्यक्रमाच्या दिवशी मी ठेवणीतलं जाकीट घातलं. जलेबीचा पिंजरा मांडीवर घेऊन आम्ही ई-रिक्षातून दीक्षितपुऱ्यात गेलो. ड्रायव्हरनं वाटेत विचारलं, "भैया, बोलता है क्या?" मी म्हटलं, "बोलता नहीं, गणित करता है." तो मागे वळून पाहू लागला तेव्हा नंदानं त्याला रस्त्याकडे पाहायला सांगितलं.

हॉल भरला होता. सूत्रसंचालन आमच्या शेजारची वैभवी करत होती. ती कॉलेजात आहे, आणि तिला मराठी कळतं सगळं पण बोलताना अडतं. "आता आमचे अंबरीश काका," ती माइकवर म्हणाली, "त्यांचा तोता, सॉरी, पोपट, मॅथ्स करून दाखवून राहिला आहे. प्लीज जोरदार तालियां."

मी टेबलावर कार्डं मांडली आणि प्रेक्षकांकडे पाहून छोटंसं भाषण केलं. भाषणाचा विषय होता संयम. मग जलेबीला बाहेर काढलं. "तीन अधिक तीन," मी म्हटलं. तो डुलत चालत गेला आणि सहावर टक केलं, चोचीनं. टाळ्या पडल्या. "पाच अधिक दोन." सात. पुन्हा टाळ्या. पहिल्या रांगेतल्या कोणी बेरीज विचारली, तीही बरोबर आली. लोक मोबाइल काढून चित्रण करायला लागले. मी तिसऱ्या रांगेत बसलेल्या नंदाकडे पाहिलं. ती चक्क हसत होती. त्या क्षणी मी कार्यक्रम संपवायला हवा होता.

बापूसाहेबांनी हात वर केला. "बेरीज झाली. भागाकार येतो का?"

जलेबीला मी भागाकार शिकवला नव्हता. हे मी सांगायला हवं होतं. "येतो," मी म्हटलं.

"एक्क्याण्णव भागिले तेरा."

तेराचा पाढा शाळेत असताना मला पाठ होता. तेरा सक अठ्ठ्याहत्तर इथपर्यंत मी मनातल्या मनात आलो, तेवढ्यात माइक किंचाळला, आणि पुढचं सगळं पुसलं गेलं. आठ असेल, असं मी मनाशी ठरवून टाकलं. जलेबी निघाला. पाच ओलांडला, सहा ओलांडला, सातकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. आठपाशी थांबला, माझ्याकडे पाहिलं, आणि ठामपणे चोच मारली.

"शाबास. बरोबर," मी माइकवर म्हटलं आणि त्याला बी दिली.

कुणीच टाळी वाजवली नाही. हॉलमध्ये अर्धे लोक शिक्षक होते.

"तेरा आठे एकशे चार," बापूसाहेब म्हणाले. त्यांचा चेहरा हलला नव्हता. "तेरा सत्ते एक्क्याण्णव. उत्तर सात आहे, अंबरीश."

मी जलेबीकडे पाहिलं. तो बी सोलत होता.

"पोपट चुकला तर समजू शकतो," ते पुढे म्हणाले. "पण तुम्ही त्याला शाबासकी काहून दिली?"

तिसऱ्या रांगेत नंदानं पदर तोंडाला लावला होता. ती रडत नव्हती.

बापूसाहेब उठून मंचावर आले. त्यांनी मला कार्डांकडे पाठ करून उभं राहायला सांगितलं आणि एक अगदी सोपी बेरीज मोठ्यानं विचारली. मी भिंतीवरच्या मंडळाच्या पाटीकडे पाहत उभा राहिलो. मागून आधी बारीक पावलांचा आवाज आला, मग लोकांचं हसू, मग खांद्यावर वजन पडलं. जलेबी उडून माझ्या खांद्यावर येऊन बसला होता आणि मान लांब करून माझ्या तोंडाकडे पाहत होता. मी दुसरीकडे तोंड फिरवलं तर तो दुसऱ्या खांद्यावर गेला. वैभवीनं माइक बंद करायला हवा होता, पण ती विसरली, आणि तिच्या मैत्रिणीला ती जे म्हणाली ते सगळ्या हॉलला ऐकू गेलं. "काका का पोपट हो गया यार."

घरी जाताना ई-रिक्षात राणीताल मागे पडेपर्यंत नंदानं हसू कसंबसं धरून ठेवलं, मग ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मी तिची पाठ थोपटली. त्याशिवाय दुसरं काही करण्याजोगं माझ्याकडे नव्हतं.

"त्याला काहीच येत नाही," मी शेवटी म्हटलं.

"असं कसं. येते ना," ती डोळे पुसत म्हणाली. "उद्या पाहू."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. नंदानं मला तिचा स्कूटरवर बांधायचा स्कार्फ तोंडाभोवती गुंडाळायला लावला आणि वर काळा चष्मा चढवला. आरशात मी भर उन्हात स्कूटी चालवणाऱ्या कॉलेजच्या मुलीसारखा दिसत होतो. तशा अवतारात मी टेबलापाशी उभा राहिलो आणि बेरजा विचारल्या. जलेबी एकाही उत्तराला गेला नाही. तो कार्डांवरून सरळ चालत माझ्यापर्यंत आला, हातावर चढला आणि स्कार्फचं टोक चोचीत धरून ओढायला लागला. स्कार्फ निघाला. चष्मा नंदानं काढला. मी पुन्हा विचारलं, दोन अधिक एक. तो चालायला लागला.

"आता तुम्ही स्वतःकडे लक्ष ठेवा," नंदा म्हणाली. "तो तीनपाशी आला की तुमच्या भुवया वर जातात. श्वासही रोखता तुम्ही. मला इकडून दिसून राहिलं."

खरंच, माझा श्वास अडकला होता. जलेबीनं तीनवर चोच मारली.

त्या दुपारी मी बराच वेळ त्याच्यासमोर बसून होतो. इतके महिने तो आकड्यांकडे पाहतच नव्हता. तो माझ्याकडे पाहत होता, माझी भुवई, माझा श्वास, मी खुर्चीत किती पुढे झुकतो ते. माझ्या सबंध नोकरीत समोर बसलेल्या एकाही माणसानं माझ्या तोंडाकडे इतक्या लक्षपूर्वक पाहिलं नव्हतं. ज्यानं पाहिलं, त्याला मी गणिती ठरवून जाकीट घालून मिरवायला नेलं.

हे नंदाला सांगितलं तर ती म्हणाली, "मी पाहते ना तुमच्या तोंडाकडे. म्हणून तर मला आधीच शंका आली होती." आणि पुन्हा वह्या तपासायला लागली.

चार-पाच दिवसांनी दारावर बापूसाहेब उभे. अधारतालहून ई-रिक्षानं एकटेच आले होते. मला वाटलं, उरलेलं बोलायला आले असतील. मी त्यांना बसवलं आणि अपमानाची तयारी केली.

"तो तुमचा चेहरा वाचतो," ते म्हणाले. "मी त्यावर विचार केला. माझा वाचतो का, ते पाहायचं आहे."

मी कार्डं मांडली आणि आत गेलो. दाराच्या फटीतून पाहत होतो. बापूसाहेब टेबलाशी ताठ बसले आणि म्हणाले, "दोन अधिक दोन." जलेबी रांगेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला. परत आला. बापूसाहेबांच्या तोंडाकडे पाहिलं, मान या बाजूला केली, त्या बाजूला केली. मग मधेच बसून पंख साफ करायला लागला.

त्यांनी चहा घेतला आणि गेले. दोन दिवसांनी पुन्हा आले. मग येतच राहिले. मला आतून बरं वाटायचं, हे कबूल करायला हवं. मंडळाच्या अध्यक्षांना जे जमत नव्हतं ते मला जमत होतं, मग ते भुवई उडवणं का असेना. मी त्यांना उपदेशही करायला लागलो. चेहरा सैल सोडा, म्हणालो. ओठ असे करा. ते मी सांगेन तसं करायचे आणि जलेबी घाबरून पिंजऱ्यावर जाऊन बसायचा.

एकदा नंदा घरी होती. तिनं त्यांच्यापुढे चहा आणि बर्फी ठेवली आणि विचारलं, "बापूसाहेब, काहून इतका त्रास घेऊन राहिले? पोपटच तर आहे."

त्यांनी चहाचा एक घोट घेतला. "आमची शकु म्हणायची, तुमच्या तोंडावरून काही कळत नाही. तुम्ही खुश आहात की नाराज, मला संसार होऊन गेला तरी समजलं नाही, म्हणायची. मी म्हणायचो, ज्याला समजायचं त्याला समजतं." त्यांनी कप बाजूला सरकवला. "आता ती नाही. विचारणार कोणाला."

मी पुढे उपदेश केला नाही. नंदानं त्यांच्या ताटलीत बर्फीची अजून एक वडी ठेवली.

होळीच्या आसपासची गोष्ट. बापूसाहेब नेहमीसारखे टेबलाशी बसले होते. त्यांनी गणित विचारलंच नाही. ते जलेबीशी बोलायला लागले, हळू आवाजात, मला नीट ऐकू आलं नाही. एवढं कळलं की शकुबाई पेरूला तिखट-मीठ लावून द्यायच्या, असं काहीतरी ते त्याला सांगत होते. जलेबी कार्डांवर उभा राहून ऐकत होता. मग बोलता बोलता ते सहज म्हणाले, "बरं, तीन अधिक एक?"

तो निघाला. एक, दोन, तीन. चारपाशी थांबला, वर पाहिलं, आणि चोच मारली.

मान न वळवता बापूसाहेबांनी मला विचारलं, "अंबरीश, मी काय केलं आता?"

मी दारातच उभा होतो आणि मला दिसलं होतं. त्यांच्या डोळ्यांखालची कातडी जराशी थरथरली होती, बस, इतकंच. "काही नाही," मी म्हटलं. "छान केलंत."

त्यांनी बी देण्याची आठवण ठेवली नाही. जलेबीनं टक केलं तेव्हा ते दचकले, मग दोन बिया दिल्या, मग अजून दोन. मी एरवी त्यांना म्हणालो असतो की एका उत्तराला एकच बी. पण मला खरं म्हणजे थोडा मत्सर वाटत होता, आणि मत्सरात नियम सांगितले तर ते लगेच ओळखू येतं.

निघताना ते जिन्यात थांबले. इतके दिवस ते न विचारता येत होते. आज म्हणाले, "उद्या येऊ का?"

"या ना जी," नंदानं आतून सांगितलं. "रविवारी जेवायलाच या."

रिक्षा वळेपर्यंत मी गॅलरीत होतो. आत आलो तर जलेबी खिडकीच्या गजावर बसून खाली रस्त्याकडे पाहत होता. मी टेबलाशी बसलो, कार्डं नीट केली, भुवया तयार ठेवल्या आणि म्हटलं, "दोन अधिक दोन."

तो वळलाही नाही.

मी पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं. स्वयंपाकघरातून नंदाचा आवाज आला.

"चार," ती म्हणाली. "आता कोथिंबीर निवडून द्या."